दुपारचं घर

“कंपनी नक्की कधी सुरू होणार म्हणालीस?” भाऊंनी विचारलं.

मी ओट्याशी भेंडी चिरत होते. हाच प्रश्न त्यांनी काल विचारला होता, आणि परवाही.

“कंपनी सुरूच आहे, भाऊ. बंद मी आहे.”

ते हसले नाहीत. कॅलेंडरकडे बघत म्हणाले, “म्हणजे मे उजाडेल.”

“हो. मे उजाडेल.”

“बरं.” त्यांनी खुंटीवरची टोपी घातली, पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि बाहेर पडले. एप्रिलचं ऊन डोक्यावर आलं होतं. माणूस पासष्टी ओलांडलेला, दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला. त्या उन्हात ते कुठे जातात हे विचारायचं माझ्या ओठांवर येई आणि तिथेच राही. सासरे होते. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. इतकं बोलायची सवय अजून झाली नव्हती.

मी साताऱ्याच्या एका पंपांच्या कंपनीत कंत्राटावर डिझायनर होते. ड्रॉइंग करायची, कायम नोकरीतल्या माणसांच्या शेजारच्या टेबलावर बसायचं, त्यांच्याच बसने जायचं-यायचं. फरक इतकाच की वर्षातून एकदा कंपनी आम्हा कंत्राटी लोकांना महिनाभर घरी बसवायची. पगार नाही, काही नाही. सलग काम दिलं तर उद्या हे कायम करा म्हणतील, अशी त्यांना भीती. त्या वर्षी असं घरी बसायची माझी पहिलीच वेळ होती, आणि माझं एका मोठ्या पंपाचं ड्रॉइंग अर्ध्यावर होतं. मी साहेबांना म्हटलं, एवढं पुरं करून जाते. ते म्हणाले, “बाई, उद्यापासून तुमचा कॉम्प्युटर उघडणार नाही. गेटपास जमा करा.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काहीच नव्हतं.

पहिले काही दिवस मी घर घासून काढलं. माळा आवरला, डबे उन्हात घातले, स्वयंपाकघराची मांडणी बदलली. सकाळी आठच्या सुमारास कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावरून वळायची. त्या वेळी मी मागच्या खोलीत काहीतरी काम काढायची. बसमधून कुणी आपल्याला गॅलरीत बघू नये असं वाटायचं. नवरा, हेमंत, त्याआधीच कराडला बँकेत निघून गेलेला असे. मग दिवसभर घरात मी आणि भाऊ.

भाऊ म्हणजे मुरलीधर कुलथे. आयुष्यभर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. अजूनही चहाचे कप धुतले की काचेच्या नळ्यांसारखे उपडे, एका ओळीत ठेवायचे. सासूबाई आमच्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या, आणि भाऊंनी स्वतःचं दुपारचं जेवण स्वतः करायची सवय लावून घेतली होती. आता मी घरी होते, म्हणून मी करायला लागले. त्यांना ते आवडलेलं दिसलं नाही.

“तू कशाला? माझं मी करून घेतो.”

“मी घरीच आहे ना, भाऊ.”

“हो, तेच,” ते म्हणाले.

ते ‘तेच’ मला दिवसभर टोचत राहिलं.

घरात काही गोष्टी मला नव्यानेच दिसत होत्या. दिवाणाखाली कॅरमबोर्ड होता, त्यावरची पावडर ताजी होती. फडताळात औषधाच्या मोठ्या बाटलीत जवसाची चटणी होती. इतकी चांगली चटणी मी कधी खाल्ली नव्हती.

“भाऊ, ही कुठली?”

“दुकानातली,” ते म्हणाले आणि बाटली माझ्या हातातून घेऊन परत आत ठेवली.

त्यानंतर ते दुपारी घरी जेवेनासे झाले. साडेअकराला बाहेर पडायचे, चारला घामाघूम होऊन परत यायचे. मी वाढायला उठले की म्हणायचे, भूक नाही. आणि संध्याकाळी चहा पिताना पुन्हा तोच प्रश्न. कंपनी मध्येच बोलावत नाही का? फोन करून बघितलास का?

मी हेमंतला सांगितलं. तो बूट काढत होता.

“मी घरात बसलेली भाऊंना खपत नाही.”

“काहीतरीच. भाऊ तसे नाहीत.”

“मग रोज का विचारतात? मी काय फुकट खाते का?”

“अगं, म्हातारी माणसं विचारतात.”

“तू घरी नसतोस. तुला काय माहीत?”

त्याने दुसरा बूट काढला. त्याला खरंच माहीत नव्हतं. सकाळी सातला बाहेर पडून दिवेलागणीला येणाऱ्या माणसाला आपलं घर दुपारी कसं असतं हे कुठून कळणार?

त्याच आठवड्यात मला चाकणहून फोन आला. एका सल्लागार कंपनीला ड्रॉइंगचं माणूस हवं होतं, लगेच. काम पुण्याकडचं, म्हणजे तिथेच खोली घेऊन राहायचं आणि शनिवार-रविवार साताऱ्याला यायचं. महिनाभरापूर्वी मी ऐकूनही घेतलं नसतं. आता वाटलं, जावं. निदान कुणाच्या डोळ्यांसमोर तरी बसायला नको. दोन दिवसांत कळवते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या कागदांच्या झेरॉक्स काढायला बाहेर पडले.

झेरॉक्सचं दुकान एसटी स्टँडला लागून होतं. दुकानात गर्दी होती म्हणून मी सावलीसाठी स्टँडच्या छपराखाली गेले. वडूजची गाडी लागली होती. ती हलली, आणि समोरच्या बाकावर मला भाऊ दिसले.

शेजारी एक बाई होत्या. साठीच्या, ठसठशीत बांध्याच्या, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. दोघांच्या मध्ये डबा उघडलेला. बाई भाकरी मोडून एक तुकडा झाकणात ठेवत होत्या, आणि भाऊ, ज्यांना आमच्या घरी भूक नव्हती, ते मन लावून जेवत होते.

मी खांबामागे झाले. निघून जायला हवं होतं, पण पाय निघाले नाहीत. बाईंचा आवाज खणखणीत होता, गाड्यांच्या गोंगाटातही ऐकू येत होता.

“सूनबाई कधी जाणार कामावर?”

“मे उजाडेल म्हणते. मी विचारत असतो रोज.”

“रोज विचारता?” बाईंचा घास हातातच राहिला. “अहो कुलथे, पोरीचा जीव आधीच खालीवर झाला असेल. हातातलं काम काढून घेतलंय तिच्या. वर तुम्ही रोज विचारता. तिला वाटेल, मी घरात नकोय ह्यांना.”

भाऊंनी घास गिळला. मग म्हणाले, “खरं सांगू का, दुपारी नकोच आहे.”

बाई हसायला लागल्या. भाऊही हसले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं.

“ते काही नाही,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “आणखी पंधरा दिवस बाकावर काढू. मला काय, आयुष्यभर उपकेंद्रात फुटक्या बाकावरच जेवले मी. पण तिला आता विचारायचं नाही. शप्पथ आहे.”

मी मागच्या मागे फिरले. झेरॉक्स काढल्याच नाहीत. घरी येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि ताजी पावडर, ती चटणी, उपडे ठेवलेले कप सगळं नव्याने बघितलं. मी नोकरीवर असताना हे घर दुपारी कुणाचं तरी होतं. कंपनीने मला घरी पाठवलं, आणि मी नकळत दोन माणसांना रस्त्यावर काढलं होतं.

मला वाईट वाटायला हवं होतं की हसू यायला हवं होतं, कळेना. दोन्ही झालं. मग मी चाकणला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

संध्याकाळी भाऊंना चहा देताना म्हटलं, “भाऊ, उद्यापासून मी दुपारी वाचनालयात बसणार आहे. घरी लक्ष लागत नाही. अकराला जाईन, चारच्या पुढे येईन.”

त्यांनी कप खाली ठेवला. “उन्हात कशाला?”

“तिथे पंखे आहेत.”

“जेवायचं काय?”

“डबा नेईन.”

“रोज?”

“रोज.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पाण्याची बाटली त्यांनी स्वतः भरून दाराशी ठेवली होती.

वाचनालयात मी कॉलेजची जुनी पुस्तकं काढून पहिल्यापासून वाचली. वर्तमानपत्रं टेंडरच्या जाहिरातींसकट वाचली. कोऱ्या कागदावर त्या अर्ध्या राहिलेल्या पंपाचं ड्रॉइंग आठवून हाताने काढत बसले. कुणी मागितलं नव्हतं, कुणी बघणारही नव्हतं. पण पेन्सिल हातात असली की मला जरा माणसात आल्यासारखं वाटायचं. चारला घरी यावं तर जिन्यातच फोडणीचा वास.

“भाऊ, आज काय केलंत?”

“शेंगांची आमटी.”

“आणि ही पुरणपोळी?”

त्यांनी पोळीकडे बघितलं. “जमते थोडी,” म्हणाले.

मी दोन पोळ्या खाल्ल्या. रोजचा तो प्रश्न बंद झाला होता. भाऊ सकाळी दाढी करताना गुणगुणायला लागले होते, आणि कंपनीची बस वळली तरी मी गॅलरीत उभी राहू शकत होते.

असं आठवडाभर चाललं असेल. मग एका दुपारी वाचनालयातल्या टेबलावर माझं डोकं ठणकायला लागलं. अक्षरं हलू लागली. ऊन लागलं होतं. चार वाजायला अवकाश होता, थांबायचा प्रयत्न केला, पण हुडहुडी भरली तेव्हा उठावंच लागलं. घरी कशी पोचले ते नीट आठवत नाही. बेल वाजवली. दार त्या बाईंनी उघडलं. पदर खोचलेला, हातात डाव.

एक क्षण आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो.

“चारुता ना तू?” त्या म्हणाल्या आणि लगेच उलटा हात माझ्या कपाळाला लावला. “आत ये आधी. कुलथे, थंड पाणी आणा. आणि जुनी धोतरं असतील तर फाडा एखादं.”

मला पलंगावर झोपवलं, काखेत थर्मामीटर लावला, कपाळावर घड्या ठेवायला सुरुवात केली. हात सराईत होते. साखरमिठाचं पाणी चमच्या-चमच्याने पाजत होत्या. भाऊ बादली घेऊन दारात उभे. त्यांचा चेहरा पकडलेल्या मुलासारखा झाला होता.

“चारुता, या... म्हणजे सिव्हिलमध्ये, डोळ्याच्या ऑपरेशनला... यांचंही होतं त्याच दिवशी. दोघांच्या एकेका डोळ्यावर पट्टी...”

“भाऊ,” मी म्हटलं, “मी तुम्हाला स्टँडवर बघितलंय. मागेच.”

भाऊ बादली घेऊन तसेच खुर्चीवर बसले. बाईंचा हात थांबला.

“म्हणजे तू वाचनालयात...” त्या म्हणाल्या. घडी बदलली, नीट दाबून बसवली. “तापात बोलू नये. पडून राहा.” आणि मग बराच वेळ त्यांनी माझा हात हातातून सोडला नाही.

त्या मालन जगदाळे. गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत नर्स म्हणून नोकरी केलेली, तरुणपणीच नवरा गेलेला, आता साताऱ्याजवळच्या करंजे गावात भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायच्या. तिथे भाऊंनी जाणं शक्यच नव्हतं. म्हणून आमचं दुपारचं रिकामं घर. जेवायचं, कॅरमचे दोन डाव खेळायचे, मालनताईंनी पेपर मोठ्याने वाचायचा. एवढंच. माझा ताप उतरत असताना त्यांनी मला हे सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, “तुझ्या घरात तुला न विचारता शिरले मी. राग धरू नको.”

“पुरणपोळी खाऊन राग कसा धरणार?” मी म्हटलं.

हेमंत आला तेव्हाही त्या पलंगाशीच होत्या. मला एकटीला टाकून जायला तयार नव्हत्या. त्याने दारातून आधी मला बघितलं, मग त्यांना.

“आपण?”

“मी मालन जगदाळे. हिला ऊन लागलंय. ताप उतरतोय, काळजी करू नका. भात गरम आहे.” त्यांनी पिशवी उचलली आणि सरळ निघून गेल्या. जिन्यातून खाली जाणाऱ्या त्यांच्या चपलांचा आवाज आम्ही तिघंही ऐकत राहिलो.

हेमंतने वडिलांना विचारलं, “कधीपासून?”

“दीड-दोन वर्षं झाली.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“तुझी आई गेली,” भाऊ म्हणाले, “तेव्हा तू माझ्या गळ्यात पडून म्हणालास, भाऊ, आता आपण दोघंच. त्यानंतर तिसरं माणूस तुला कसं सांगायचं, मला सुचलं नाही.”

हेमंत भांडला नाही. ताट वाढून घेतलं, जेवला, सकाळी नेहमीसारखा कराडला गेला. पण पुढचे काही दिवस तो भाऊंशी कामापुरतंच बोलला. भाऊंनी ते ओळखलं. मालनताईंनी त्यांच्याही आधी ओळखलं असावं. त्यांनी निरोप पाठवला की पायाला लागलंय, काही दिवस येणं जमणार नाही. पायाला काही लागलेलं नव्हतं हे भाऊंना आणि मलाही माहीत होतं.

भाऊ आता कुठेच जाईनात. मी वाचनालयात जाणं बंद केलं तरी त्यांना फरक पडत नव्हता. मी वाढलेलं निमूट खायचे. मग खुर्ची खिडकीशी ओढून बसायचे. पेपर मांडीवर, घडी न मोडलेला. मी म्हटलं, वाचून दाखवू का? म्हणाले, “राहू दे. काही नसतं त्यात.”

मी रोज त्या खुर्चीकडे बघत होते, आणि ती खुर्ची मला ओळखीची वाटत होती. महिन्याच्या सुरुवातीला माझीही अशीच गत होती.

शनिवारी हेमंत लवकर आला. मी त्याला गॅलरीत घेऊन गेले.

“मला कंपनीने एक महिना घरी बसवलं,” मी म्हटलं. “मी कशी झाले होते, बघितलंस ना तू? बस आली की आत पळायची. तुझ्याशी भांडायची. चाकणला खोली घेऊन राहायला निघाले होते.”

“ते वेगळं.”

“काय वेगळं? आई गेल्या आणि भाऊही तसेच घरी बसले. त्यांना काय वाटलं असेल? मला निदान तारीख माहीत होती, हेमंत. मे उजाडला की मला बोलावणार होते. त्यांना कोण बोलावणार होतं?”

तो रस्त्याकडे बघत राहिला. समोरच्या दुकानदाराने शटर ओढलं, कुलूप लावलं, सायकलवर बसून निघून गेला.

“आईची जागा...” तो म्हणाला आणि थांबला.

“आईंची जागा कुणी मागितलेली नाही. त्या स्टँडवरच्या बाकावर जेवत होत्या, तक्रार न करता. आणि मला त्रास नको म्हणून भाऊंना शपथ घालत होत्या. मला ओळखतही नव्हत्या तेव्हा.”

हेमंतने मान वळवून घरात बघितलं. भाऊ खिडकीशी होते. दिवा लावायचंही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. हेमंत आत गेला, दिवा लावला, थोडा वेळ वडिलांच्या शेजारी उभा राहिला आणि बाहेर आला.

पुढे काय झालं ते आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना माहीत आहे. मे उजाडला, मी कामावर परत गेले, तो पंप पुरा केला. नंतरही कित्येक वर्षं कंपनीने मला एप्रिलमध्ये घरी बसवलं, आणि तो महिना मी घरातच काढला, वाचनालयात नव्हे. दिवाळीच्या आधी भाऊ आणि मालनताईंचं रजिस्टर लग्न झालं. भाऊ त्यानंतर अकरा वर्षं जगले, मालनताई अजून आहेत, आणि माझ्या मुलीला त्यांच्याशिवाय झोप येत नाही. पण त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, ते फार थोड्यांना माहीत आहे.

हेमंत मला म्हणाला, “चांगली साडी नेस. जरा जाऊन येऊ.” कुठे ते सांगितलं नाही. वाटेत त्याने पाव किलो पेढे घेतले. मोटारसायकल करंज्याच्या रस्त्याला लागली तेव्हा मला कळलं, आणि मी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, “आत्ता काही बोलू नको. मी विसरेन.”

मालनताईंचे भाऊ अंगणात दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. हेमंतने नमस्कार केला, पेढ्यांचा पुडा पुढे केला आणि एका दमात म्हणाला, “मी हेमंत कुलथे. वडिलांसाठी मागणं घेऊन आलोय.”

त्या गृहस्थांच्या हातातला वस्तरा तसाच राहिला. “कुणाच्या वडिलांसाठी?”

“माझ्या.”

मागच्या खोलीचं दार उघडलं. मालनताई उंबऱ्यात आल्या. केस मोकळे होते, नुकत्याच न्हायलेल्या. पाय चांगला होता. त्यांनी हेमंतकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पेढ्यांच्या पुड्याकडे बघितलं.

“त्याला काय विचारता?” त्या म्हणाल्या. “मला विचारा की.”

हेमंत त्यांच्याकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. “तुम्हाला विचारतो.”

मालनताईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला. आवाज नेहमीसारखाच काढायचा प्रयत्न केला त्यांनी, पण तो थोडा हलला.

“मुलगा काय करतो?”

“सध्या काही नाही,” हेमंत म्हणाला. “खिडकीत बसून तुमची वाट बघतो.”

त्या खाली बघून हसल्या. मग ओल्या केसांचा अंबाडा बांधत आत वळल्या आणि आतूनच म्हणाल्या, “चारुता, जरा इकडे ये. कुठली साडी नेसू ते सांग.”